उन्हाळ्यात येणारी मुले

"कुसुमोतो-सान, मी नागासे. ऑफिसातली. पोट कसंय आता?"

वसतिगृहातले ते दार आतून बंद होते. इकुए नागासेने हातातला ट्रे वाकाना कुसुमोतोच्या दाराशेजारी जमिनीवर ठेवला. भाताचे गोळे, मिसोचे सूप, काकडीचे लोणचे. आदल्या संध्याकाळचा ट्रे तिथेच होता. सूप थंड होऊन त्यातला गाळ तळाशी बसला होता.

समोरच्या खोलीतली मुलगी तोंडात ब्रश घेऊनच बाहेर आली. "पोटबिट काही दुखत नाहीये तिचं," ती हळूच म्हणाली. "मीटिंगपासून हे चाललंय. हाका मारल्या तर आधी 'ठीके' म्हणायची. आता तेही नाही."

"काय झालं होतं मीटिंगमध्ये?"

"वाकाना आलेख दाखवत होती. मस्त जमला होता. हिराइवा सेन्सेइंनी जरा वेळ बघितला आणि म्हणाले, 'छान आहे, पण हा आपला तारा नाही, शेजारचा आहे.' पहिल्या दिवसापासून ती भलत्याच ताऱ्याची मोजमापं घेऊन बसली होती. सगळे हसले. मीपण हसले." मुलीने ब्रश तोंडातून काढला. "वाईट नव्हतं हो हसणं. सेन्सेइसुद्धा हसले."

इकुएने जुना ट्रे उचलला आणि ती जिना उतरली.

पठारावरच्या त्या रेडिओ वेधशाळेत ती कारकून होती. कोबीच्या शेतांच्या पलीकडे पांढऱ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या असत आणि त्यांच्या पायथ्याशी ऑफिसची बैठी इमारत. दर ऑगस्टला देशभरातून कॉलेजची डझनभर मुले इथे महिनाभर राहायला येत. प्रत्येकाला एक शास्त्रज्ञ मिळे, आकाशाचा एक तुकडा मिळे, आणि शेवटच्या दिवशी सगळ्यांसमोर उभे राहून आपण काय शोधले ते सांगावे लागे. खगोलशास्त्र सोडून बाकी सगळे इकुएकडे असे. गाद्यांना ऊन दाखवणे, सायकलींत हवा भरून ठेवणे, कुणाला ताप आला तर गाडीत घालून दवाखान्यात नेणे. मुले जाताना तिच्याबरोबर फोटो काढून घेत आणि पुढे लग्नाच्या, नोकरीच्या बातम्या कळवत.

तिने वाकानाचे मार्गदर्शक शास्त्रज्ञ हिराइवा सेन्सेइंना गाठून वाकानाचे सांगितले. ते वाईट मनाचे नव्हते. चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी नीट ऐकून घेतले.

"एकटं सोडा तिला," ते म्हणाले. "या वयात लागतं मनाला. तेच तेच विचारत बसलं तर आणखी अवघडतात पोरं. येईल आपली आपण बाहेर."

"हो," इकुए म्हणाली. मग जागेवर येऊन बसली, पण तिच्याने काम होईना. सहा वर्षांपूर्वी तिचा नवरा अगदी हेच बोलला होता.

शुनपेइ, तिचा मुलगा, त्या वर्षी या मुलांपैकीच एक होता. त्याची निवड आईमुळे झाली असे कुणी म्हणू नये म्हणून महिनाभर तो घरी न राहता इतरांबरोबर वसतिगृहात राहिला. घर सायकलवरून जाता येण्याइतके जवळ असताना. ऑफिसात समोर आली तर तिला मुद्दाम 'नागासे-सान' म्हणायचा आणि मग दोघांनाही हसू आवरायचे नाही. त्याला वायूचा एक ढग मिळाला होता. शेवटच्या दिवशी त्याने सांगितले की हा ढग मधल्या ताऱ्यापासून दूर पळतो आहे. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारले, "अधिक-उण्याचं चिन्ह उलटं तर नाही ना घेतलं?" त्याने उलटेच घेतले होते. ढग ताऱ्यावर कोसळत होता. कुणी टाकून बोलले नाही. "होतं असं, बसा," एवढेच त्याला सांगण्यात आले आणि पुढच्या मुलीचे नाव पुकारले गेले. इकुए मागे चहाच्या टेबलापाशी उभी होती. शुनपेइ जागेवर जाऊन बसला आणि शेवटपर्यंत ताठ बसून राहिला, ते तिने पाहिले होते.

घरी येऊन तो जेवला. सगळे पुन्हा नव्याने करतो म्हणाला आणि खोलीत गेला. ऑक्टोबरात कॉलेज उघडले तेव्हा गेला नाही. हिवाळ्यात बर्फ पडू लागले तोवर दार आतून बंद झालेले होते. इकुए रागावली, रडली, डॉक्टर घेऊन आली, दारापुढे गुडघे टेकून बसली. नवऱ्याची बदली नागोयाला झाली. तो महिन्यातून एकदा यायचा आणि त्या दारावरून मान खाली घालून जायचा. शुनपेइने एकच गोष्ट मागितली होती, दाराआडून, त्या पहिल्या हिवाळ्यात. "कुणाला सांगू नकोस. विचारलंच तर तोक्योला असतो म्हण."

तिने शब्द पाळला होता. वेधशाळेतल्या लोकांसाठी शुनपेइ तोक्योत कॉम्प्युटरचे काम करत होता, फार बिझी असायचा, नववर्षालासुद्धा यायला जमायचे नाही. ती कामावर गेली की तो बाहेर येई, आंघोळ करी, खाल्लेली भांडी घासून पालथी घाली. सकाळी निघताना ती त्याच्या दाराशी थांबून म्हणे, "येते मी." आतून "हं" येई. त्या एका हुंकारावर तिचा दिवस निघत असे.

दुपारी मुले तबकड्यांकडे गेली तेव्हा ती पुन्हा वर गेली. ट्रे तसाच होता. ती वाकानाच्या दाराला पाठ लावून खाली बसली.

"कुसुमोतो-सान, तू काही बोलू नकोस," ती म्हणाली. "बाहेर ये असंही मी म्हणत नाही. दारापुढं बसायची सवय आहे मला. माझ्या घरी असंच एक दार आहे."

आणि तिने सांगून टाकले. सहा वर्षांत आईला, बहिणीला, शेजारणीला जे सांगितले नव्हते ते तोकुशिमाहून आलेल्या एका अनोळखी मुलीला, तिचे तोंडही न बघता. सांगताना तिला रडू आले नाही. आपण कुणा तिसऱ्याच बाईबद्दल बोलतो आहोत असे तिला वाटत राहिले.

"पहिल्या आठवड्यात मला पण वाटलं, बसू दे चार दिवस," ती म्हणाली. "तिथं चुकलं माझं. तेव्हा दार अजून नुसतं लोटलेलं होतं."

मग आत अंथरूण सरकल्याचा आवाज आला आणि दार बोटभर उघडले. वाकानाचे डोळे सुजले होते, केसांचा गुंता झाला होता.

"चिन्ह उलटं घेतलं? एवढंच?"

"एवढंच."

"ते तर पहिल्याच आठवड्यात आमच्यातल्या सगळ्यांनी घेतलं," वाकाना म्हणाली. "सेन्सेइ म्हणाले, दरवर्षी घेतात."

इकुएने मान डोलावली. मग ती म्हणाली, "सूप गार झालंय. गरम करून आणू?"

"नको, असंच खाते," मुलगी म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यावर बसून तिने दोन्ही गोळे संपवले.

त्यानंतर वाकाना झपाटल्यासारखी कामाला लागली. योग्य ताऱ्याची मोजमापे तिने पहिल्यापासून काढली. जाता-येता इकुएच्या टेबलापाशी थांबायची, खिशातून पेपरमिंटची गोळी काढून ठेवायची. "तुमच्यामुळे उठले मी," असे एकदा म्हणाली. इकुएला त्या उन्हाळ्यात प्रथमच हलके वाटले. घरी सांगण्यासारखे काही असते तर तिने शुनपेइला सांगितले असते. पण हे त्याला सांगता येण्यासारखे नव्हते.

सादरीकरणाच्या आदल्या दिवशी रविवार होता. इकुए खाली गावातून भाजी घेऊन आली तर अंगणात वेधशाळेची सायकल उभी. दाराला कुलूप लावायची पठारावर कुणाला सवय नव्हती. आत पायरीशी अनोळखी बूट नीट जोडून ठेवलेले. आणि घरातल्या बोळातून वाकानाचा आवाज येत होता, मोकळा, उत्साहाचा.

ती शुनपेइच्या दारापुढे मांडी घालून बसली होती. मांडीवर तिचे आलेख होते.

"...म्हणजे तुमचा ढग कोसळतोय हे खरं तर जास्त भारी आहे. पळून जाणारे ढग पुष्कळ सापडतात. तुम्ही नुसतं चिन्ह बदललं असतंत ना, तर तुमचंच काम सगळ्यांत चांगलं ठरलं असतं. मी सेन्सेइंना विचारणार आहे, अजून कुणी—"

"कुसुमोतो-सान," इकुए म्हणाली.

मुलगी दचकून उठली. इकुएच्या चेहऱ्याकडे पाहून तिचे हसू मावळले. "मला वाटलं, माझ्यासारख्याच कुणीतरी सांगितलं तर... तुम्ही माझ्यासाठी बसलात ना, म्हणून."

"कळलं मला. जा तू आता. उद्याची तयारी असेल."

सायकलचा आवाज कोबीच्या शेतांच्या बाजूला विरला. इकुए भाजीची पिशवी हातात धरून बोळातच उभी राहिली.

"सांगितलंस," आतून शुनपेइ म्हणाला.

हुंकार सोडून त्याचा आवाज तिने कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. तो भारी झाला होता, पुरुषी. दुसऱ्याच कुणाचा वाटावा असा.

"ती मुलगी पण तशीच खोलीत बसली होती रे. खात नव्हती. मला राहवलं नाही."

"एकच गोष्ट मागितली होती मी."

"शुनपेइ, तिला काही माहीत नाही, लहान आहे ती—"

"ती आली बाहेर?"

इकुएने खोटे बोलायला हवे होते. सहा वर्षे ती तेच करत आली होती. "आली," ती म्हणाली.

तिने माफी मागितली. दोनदा, तीनदा मागितली. संध्याकाळी जेवणाचा ट्रे ठेवला, तो सकाळी तसाच होता. निघताना ती दाराशी थांबली. "येते मी," म्हणाली. मग पुन्हा, जरा मोठ्याने म्हणाली. बस चुकेपर्यंत ती तिथे उभी होती.

वाकानाचे सादरीकरण सगळ्यांत चांगले झाले. आपण आधी भलताच तारा मोजला हे तिने स्वतःच सांगितले, लोक हसले, तीही हसली. बोलताना तिची नजर चहाच्या टेबलाकडे जात होती आणि इकुए कप पुसत होती.

चहाच्या वेळी हिराइवा सेन्सेइ तिच्यापाशी आले. "बघा, म्हटलं नव्हतं? आली की नाही आपली आपण?" त्यांनी बिस्किट उचलले. "तुमचा मुलगा काय म्हणतो? तोक्योलाच ना?"

"नाही," इकुए म्हणाली. "घरीच असतो. त्या वर्षी इथून आला तेव्हापासून खोलीतच आहे. बाहेर पडला नाही."

सेन्सेइंचा हात थांबला. "त्या वर्षी म्हणजे?"

"इथे होता ना तो. तुमच्याच हाताखाली. शेवटच्या दिवशी त्याचं चिन्ह उलटं झालं होतं. तुम्ही 'बसा' म्हणालात."

ते खरोखर आठवायचा प्रयत्न करत होते. कपाळाला आठ्या पडल्या, नजर छताकडे गेली. त्यात लबाडी नव्हती. "नागासे... ढगाचं काम होतं का?" ते म्हणाले. "माफ करा. इतकी मुलं येतात. मला आठवत नाही."

"असू दे," ती म्हणाली आणि त्यांच्या कपात चहा ओतला.

दुसऱ्या दिवशी मुले गेली. बस सुटेपर्यंत वाकाना तिचा हात धरून होती, काही विचारायचे होते पण विचारवत नव्हते. "पत्र लिहीन," एवढेच म्हणाली. इकुएने सगळ्या गाद्या गॅलरीत टाकल्या, खोल्यांतून व्हॅक्यूम फिरवला, आणि त्या दिवशी लवकर घरी आली.

अंगणातून दिसले की शुनपेइच्या खिडकीची वादळात लावायची पत्र्याची झडप आज पूर्ण ओढलेली आहे. आभाळ स्वच्छ होते. ऊन अजून भिंतीवर होते. पत्र्याला हात लावला तर पोळला.

तिने स्वयंपाकघरातून हिरव्या सोयाबीनची जुडी आणि टोपले आणले. खिडकीखालच्या दगडावर बसून ती शेंगा तोडू लागली. झडपेमागे पंखा चालू होता. त्याचे पाते कशाला तरी घासत होते. हात थांबला की तो आवाज जास्त स्पष्ट येई, म्हणून ती एक शेंग तोडून थांबे, ऐके, आणि मग दुसरी तोडी.