लाल दिव्याचे मार्क

फिलिपिन्समधल्या सेबू शहरातल्या आमच्या खोलीत मी लुर्दिंग मावशीचं गाणं रेकॉर्ड करत होतो. आवाज मर्यादेबाहेर गेला की यंत्रावर लाल दिवा लागतो आणि गाणं फाटतं. मी यंत्रावरची आवाजाची पातळी उतरवली की मावशी आणखी गळा ताणायची आणि दिवा पुन्हा लागायचा. सकाळपासून नऊ वेळा!

"मावशी, मुद्दाम करतेयस का?" मी हेडफोन आपटला.

"मुद्दामच! तू सारखे मार्क कापतोस, मी परत मिळवते."

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मावशी जन्मभर व्हिडिओकेवर, म्हणजे गाण्याला मार्क देणाऱ्या कराओके यंत्रावर गायलेली, आणि तिथे जितकं ओरडावं तितके मार्क जास्त.

"अगं, लाल म्हणजे नापास!"

मावशीने माझ्याकडे बोट रोखलं. "नऊ वेळा नापास झाले," ती म्हणाली, "आणि मास्तर एकदाही बोलले नाहीत?"