मधला चेहरा

तर ऐका, या मुलीला ऑफिसात सगळे मधली म्हणायचे. घरात खरं तर ती धाकटी, वर एकच मोठी बहीण, पण ऑफिसात मधली. का, तेच तर सांगायचंय.

त्यांचं ऑफिस शाळांसाठी विज्ञानाच्या चाचण्या बनवायचं. पोरांना विज्ञान कळलंय किती, हे एका कागदावर. आणि आवडतंय का, हे दुसऱ्या कागदावर. या दुसऱ्या कागदावर प्रत्येक वाक्यापुढे पाच चेहरे छापलेले असायचे. पहिला पार दात काढून हसणारा, शेवटचा रडवेला, आणि बरोब्बर मधला जो, त्याचं तोंड म्हणजे नुसती सरळ रेघ. हसू नाही, रडू नाही. हिचं तोंड अगदी तस्सं.

जन्मापासून नव्हतं हां तसं. कामानं केलं. काम असं, की प्रश्न हजारो पोरांपुढे जायच्या आधी थोड्या पोरांवर तो पारखून घ्यायचा. शाळेत जायचं, एकेकाला समोर बसवायचं, टेप चालू करायची आणि सांगायचं, प्रश्न वाच आणि मनात येईल ते मोठ्यानं बोल. आणि आपण? आपण ढिम्म. मान हलवायची नाही, भुवई उडवायची नाही, 'वा' नाही, 'अगं बाई' नाही. कारण पोरं महाबिलंदर, तुमच्या तोंडाकडे बघून उत्तर शिजवतात. अगदीच गप्प बसवेना तर तीनच गोष्टी बोलायच्या. 'मग?' 'अजून सांग.' 'तुला असं का वाटलं?' बस्स. बाकीच्यांच्या टेपांत काही ना काही निघायचंच, कुणी खुदकन हसलंय, कुणाच्या तोंडून शाब्बास सुटलंय. हिच्या टेपा मात्र धुतल्या तांदळासारख्या. मोठ्या बाई, म्हणजे तिथल्या प्रमुख, नव्या लोकांना हिच्याच टेपा ऐकवायच्या.

पण सवय ती सवय. ऑफिसातनं निघताना चेहरा काही टेबलावर काढून ठेवता येत नाही. ही राहायची एकटी, तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. एक पलंग, एक खुर्ची, आणि मोरीतला नळ, जो कितीही आवळला तरी टपटप गळायचा. घरी आलं की तो नळ बोलायचा आणि ही ऐकायची. जिन्यात समोरची बाई म्हणाली, आमच्या ह्यांचं ऑपरेशन झालं हो. ही म्हणाली, "मग?" ती बाई पुढे जिन्यात थांबेनाशी झाली. कोपऱ्यावरचा दुकानदार गंमत करायचा, ही नुसती बघत राहायची, त्यानं गंमत करणं सोडलं. भांडण नाही, तंटा नाही, माणसं आपली एकेक करून गळत गेली.

उरली ताई. आई लवकर गेल्यावर हिच्या वेण्या घालण्यापासून सगळं जिनं केलं ती ताई, लग्न होऊन लांब दुसऱ्या शहरात. दर रविवारी तिचा फोन. "नळ दुरुस्त केलास का गं, वेंधळे?" इथून सुरुवात.

एका रविवारी मात्र तिनं नळाचं विचारलंच नाही. म्हणाली, "ऐक. मी ह्यांच्यापासून वेगळी होतेय. ठरवलंय मी."

आता बघा, हिला केवढं वाईट वाटलं असेल. आणि तोंडातून काय निघावं?

"तुला असं का वाटलं?"

मग ताई म्हणाली, "मी तुझ्याकडे परीक्षेला बसलेय का?"

"नाही गं, तसं नाही. अजून सांग ना."

फोन कट.

पुढच्या रविवारी फोन नाही. त्याच्या पुढच्याही नाही. हिनं केला तर ताई उचलेना. जगात एकच माणूस हिला वेंधळी म्हणायचं, तेही गेलं. एकदा आरशासमोर उभी राहून हिनं भुवया वर करून बघितल्या, दुःख झालंय असं. चोरी पकडली गेल्यासारखं दिसत होतं. सोडून दिलं.

आणि मग ती शाळा. प्रयोगशाळेच्या मागची छोटी खोली, कपाटात काचेची नळकांडी, फळीवर धूळ, आणि समोर एक मुलगी. एक मोजा वर, एक खाली. आधी चेहऱ्यांचा कागद. त्यावर वाक्य होतं, 'विज्ञानात काही नवीन कळलं की मला ते कुणाला तरी सांगावंसं वाटतं.' मुलीनं बराच विचार केला आणि मधल्या चेहऱ्यावर खूण केली.

"तुला असं का वाटलं?"

"सांगावंसं वाटतं," मुलगी म्हणाली. "पण सांगायला घरी कुणी नसतं. मग मधल्यावरच करायची ना?"

आता ऑफिसात या मधल्या खुणेचा अर्थ काय लावायचे? ना आवड, ना नावड. हिनं अशा खुणा किती मोजल्या असतील, देव जाणे. ही आतून हलली. वरून? वरून काही नाही.

मग दुसरा कागद. टेबलावर दोन थर्मामीटर, एक उघडा, एक लोकरीच्या ब्लँकेटमध्ये गुंडाळलेला. रात्रभर तसेच ठेवले. सकाळी कोणता जास्त तापमान दाखवेल? बहुतेक सगळी पोरं ब्लँकेटवाला सांगून मोकळी होतात.

"दोन्ही सारखेच," मुलगी म्हणाली आणि खूण करून टाकली.

"अजून सांग."

"ब्लँकेट कुठे गरम असतं? आई संध्याकाळी कामावर जाते. मी एकटीच झोपते. ब्लँकेट दिवसभर पलंगावर पडलेलंच असतं, तरी पलंग गारढोण. मी आत शिरते, मग कुठे थोड्या वेळानं ऊब येते. म्हणजे ती माझीच असते. ब्लँकेट फक्त तिला जाऊ देत नाही."

काय बोलली पोरगी! इतक्या टेपांत हिनं असं उत्तर ऐकलं नव्हतं. आणि ही काय करत होती, तर सरळ रेघ. मुलगी हिच्या तोंडाकडे बघत राहिली. बघता बघता तिचा उत्साह उतरला. तिनं खोडरबर घेतलं, आपली खूण पुसली आणि ब्लँकेटवाल्यावर केली.

"का बदललंस?" हे त्या तीन वाक्यांत नव्हतं, पण निघालं.

"तुमचं तोंड बघून कळलं ना, चुकलं म्हणून. चुकलंच होतं ना, ताई?"

'ताई' म्हणाली ती. लहान पोरं म्हणतातच हो ताई, पण हिला ते कुठे लागलं काय सांगू. टेप फिरत होती. हिनं टेपकडे बघितलं आणि म्हणाली, "नाही. तुझं बरोबर होतं. फार सुंदर सांगितलंस तू."

मुलीनं पुन्हा रबर घेतलं, आणि आता ती अशी हसली की कागदावरच्या पहिल्या चेहऱ्यानं लाजावं.

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाईंनी टेप ऐकली. शेजारच्या टेबलावरचा, चाचण्यांची आकडेमोड करणारा म्हणाला, "अरे वा, दगडाला पाझर फुटला."

"ही टेप बाद," मोठ्या बाई म्हणाल्या. "तुझ्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"करा बाद. पण बाई, तिनं उत्तर माझ्या थोबाडाकडे बघून बदललं. आपण गप्प बसतो तेही उत्तरच असतं. समोरच्याला वाटतं, आपण चुकलो."

मोठ्या बाईंनी तिच्याकडे बघितलं. एक भुवईसुद्धा हलली नाही. "तुला असं का वाटलं?"

हिच्या अंगावर सरसरून काटा आला. म्हणजे हे असं ऐकू येतं होय. ताईला हे असं ऐकू आलं.

संध्याकाळी घरी आली. फोन लावला, उचलला नाही. मग खुर्चीत बसून तिनं फोनवरच आवाज रेकॉर्ड केला, आणि या खेपेला बोलणारं कुणी पोर नव्हतं, ती स्वतःच.

"ताई, मी आहे. आज काही विचारत नाही, मीच बोलते. तू सांगितलंस तेव्हा मी हादरलेच होते. तुझी काळजी वाटली, भाओजींचा राग आला, आणि तू हे मला सांगितलंस म्हणून बरंही वाटलं, आणि यातलं मी एक अक्षर बोलले नाही. मला येत नाही गं हल्ली. तू चुकलीस असं मला एकदाही वाटलं नाही. माझी खोली एवढीशी आहे, पलंग एकच आहे, पण ये तू. नाही आलीस तर फोन कर. नाही केलास तरी चालेल. नाही, नाही चालणार."

पाठवलं. मग बसून राहिली. समोरच्या खिडक्यांत दिवे लागले, हिनं लावला नाही. जिन्यात पावलं वाजली, वर निघून गेली. नळ आपला बोलत होता.

मग फोन वाजला.

ताईचा होता. हिला वाटलं, विचारावं काहीतरी. नाही विचारलं.

"तो नळ अजून गळतोय," ताई म्हणाली. "तुझ्या बोलण्यामागे ऐकू येत होता."

'मग?' अगदी ओठांवर आलं होतं. ते गिळून ही म्हणाली, "हो गं. मला नाही जमत तो दुरुस्त करायला. रोज रात्री ऐकत पडते."

"मुलखाची वेंधळी आहेस."

ताई येते म्हणाली नाही, येत नाही असंही नाही. पण तिनं फोनही ठेवला नाही.