कोऱ्या डोळ्यांनी

टीझर

एक सोफा. त्यावर दोघी. एकीच्या मांडीवर उशी, दुसरी त्याच उशीमागे तोंड लपवायला टपलेली. समोरच्या टीव्हीवर एक बंद दार. दार कुरकुरतं, बोटभर उघडतं, आणि अंधार. उशीवाली श्वास आत ओढते आणि म्हणते, "अगं बाई, आहे कोण आत?"

उशीवाली माझी वहिनी. दुसरी मी.

हा आमचा पहिला व्हिडिओ. सिनेमांचे टीझर आणि ट्रेलर बघायचे, आणि बघताना आपली जी काही तोंडं होतात ती लोकांना दाखवायची, एवढाच उद्योग. चॅनलचं नाव 'वन्सं आणि वहिनी'. वन्सं हा शब्द आमच्या घरात कुणीच वापरत नव्हतं. लग्न होऊन आल्यावर वहिनीने माझी फिरकी घ्यायला तो कुठूनसा उकरून काढला, आणि मग तो मला चिकटला.

नियम दोनच. ट्रेलर कॅमेऱ्याआधी बघायचा नाही. आणि एकटीने तर मुळीच बघायचा नाही. वहिनी याला कोरे डोळे म्हणायची. खोटं दचकलेलं लोकांना लगेच कळतं, असं तिचं म्हणणं होतं.

पोस्टर

दाराचा सिनेमा त्याच वर्षी येणार होता. मग पुढच्या वर्षी. मधल्या काळात पोस्टरं आली. एकावर नायकाची पाठ. एकावर फक्त कडी. कडीच्या पोस्टरावर आम्ही अर्धा तास बोललो होतो, आता नवल वाटतं.

व्हिडिओखाली लोक भांडायचे. दारामागे नायकाचा जुळा भाऊ आहे. नाही, आई आहे. नाही, तो स्वतःच मेलेला आहे. एकजण मात्र प्रत्येक वेळी लिहायचा की आत कुणी नाही, वारा आहे. वहिनीने त्याचं नाव वारेवाला ठेवलं. नवं काही आलं की ती आधी विचारायची, वारेवाला काय म्हणतोय?

तारीख पुढे

सिनेमा पुन्हा पुढे गेला. चाहत्यांनी निर्मात्याच्या नावाने खडे फोडले. आमच्या घरात तेव्हा दादा आणि वहिनी वेगवेगळ्या वेळी जेवायला लागले होते. भांडण असं ऐकू यायचं नाही. ऐकू आलं असतं तर बरं झालं असतं, मध्ये तरी पडता आलं असतं.

तारीख लांबल्याचा व्हिडिओ आम्ही केला तेव्हा तिची बॅग आतल्या खोलीत भरून ठेवलेली होती. ती नेहमीसारखी हसली, नेहमीसारखं तिने मला उशीने मारलं. त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलंय, आज दोघी अगदी फॉर्मात.

(हा भाग मी पुष्कळदा मागे नेऊन पाहिला. तिच्या तोंडावर काही दिसत नाही. माझ्या दिसतं.)

जाताना दारात म्हणाली, "ट्रेलर आला की येईन. तोवर डोळे कोरे ठेव."

मग कागद झाले. "कागद झाले," दादा एवढंच म्हणाला, जुनी स्कूटर विकल्यासारखं. आई म्हणाली, आता ती आपली कोण लागते? कागदांमध्ये नवरा सुटतो हे ठीक, पण नणंदेचं काय होतं ते त्यात कुठे लिहीत नसावेत.

तेव्हापासून मी ट्रेलरची वाट बघत होते. तो लवकर यावा असं वाटायचं. आणि ट्रेलर आला की पाठोपाठ सिनेमा येणार, सिनेमा आला की तिला यायला निमित्त उरणार नाही, म्हणून येऊच नये असंही वाटायचं. सगळे चाहते एका बाजूने रडत होते, मी दोन्ही बाजूंनी.

ट्रेलर

आला. मी तिला कळवलं. तिने लिहिलं, येते, दिवस सांगते. दिवस काही सांगितला नाही.

मी मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात काम करते. फुटलेली काच उतरवायची, जुना गोंद खरवडायचा, नवा डिस्प्ले बसवायचा, मग व्हिडिओ लावून चित्र आणि आवाज तपासायचा. अशा जागी ट्रेलर न बघणं म्हणजे पावसात कोरडं राहणं. ज्याच्या त्याच्या हातात तेच. फोन परत घेताना गिऱ्हाईक तोच लावून बघायचं. मी मान वळवायचे, काउंटरखाली न पडलेला स्क्रू शोधायचे. दुकानाचे मालक म्हणाले, अख्ख्या जगाने पाहिला, तुला काय डॉक्टरने मनाई केलीय?

मी माझ्यापुरते फोन तपासायला आमचा पहिला व्हिडिओ लावायचे. "अगं बाई" स्वच्छ ऐकू आलं की स्पीकर ठीक.

इकडे बाकीचे चॅनलवाले ओरडून, रडून मोकळे झाले आणि दुसऱ्या सिनेमाकडे वळले. आमच्या चॅनलवर लोक विचारत होते, वहिनी कुठे? ताई, एकट्याच करा ना. भांडण झालं वाटतं. वारेवाल्याने लिहिलं, थांबा, येतील.

सिनेमा लागायच्या आधीच्या आठवड्यात तिचा निरोप आला. रविवारी सकाळी येते.

रविवार

दादाने केस कापायला जायचं ठरवलं. केस त्याने बुधवारीच कापले होते. आईने सोफ्यावरचं कव्हर काढून जुनं, व्हिडिओतलं कव्हर घातलं. का, म्हटलं, तर म्हणाली लोकांना ओळखू यायला हवं. एवढं बोलून ती शेजारी गेली.

वहिनी आली ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. माझ्या लक्षात यायला वेळ लागला की तिला आत ये म्हणायला हवं.

मग ती तिच्या कोपऱ्यात बसली, उशी घेतली. मी फोन स्टँडला लावला, धावत येऊन बसले, ट्रेलर सुरू केला. दार आलं. दार उघडलं. आत कोण होतं ते सांगत नाही, कुणाचं बघायचं राहिलं असेल. मी किंचाळले. तिने श्वास ओढला, "अगं बाई" म्हणाली, मी उशीत तोंड खुपसलं. सगळं जिथल्या तिथे होतं.

संपल्यावर मी फोन बघितला. लाल ठिपका नव्हता. मी रेकॉर्डिंग सुरूच केलं नव्हतं.

वहिनी इतकी हसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. मग म्हणाली, "चल, परत करू."

"कोऱ्या डोळ्यांशिवाय?"

"माझे कुठे कोरे होते?"

ती उशीची चेन मागेपुढे करत राहिली. आला त्याच दिवशी तिने पाहिला होता. ऑफिसात प्रिंटरपाशी, कुणाच्या तरी फोनवर. मग घरी आणखी एकदा. तिला वाटलं मीही पाहिला असेल. कुणी ठेवलाय पाहायचा?

"मी ठेवला होता," मी म्हटलं. "मग आलीस कशाला?"

"येते म्हटलं होतं ना." ती सरकून बसली. "ठिपका बघून घे या वेळी."

दुसऱ्यांदा ट्रेलर चालू असताना मी टीव्हीकडे बघितलं नाही. ती कुठे डोळे मोठे करते, कुठे पाय वर घेते, हे बघत बसले. दार उघडायच्या आधीच तिने श्वास ओढला. माझ्यासाठी ती फार छान दचकली.

निघताना मी विचारलं, शुक्रवारी सिनेमा लागतोय, येशील ना? तिची दुसऱ्या शहरातल्या शाखेत बदली झाली होती, त्याच आठवड्यात निघायचं होतं. तू बघून घे, म्हणाली, आणि सांग कसा आहे.

"एकटी नाही बघणार."

"वेडी आहेस, वन्सं."

प्रदर्शित

सिनेमा लागला आणि उतरलाही. आता तो टीव्हीवर आहे, फोनवर आहे. गिऱ्हाईकं शेवट सांगायला लागली की मी गरम हवेचं यंत्र चालू करते, त्याचा आवाज मोठा असतो. महिन्या दोन महिन्यांनी वहिनीला लिहिते, अजून कोरे आहेत. ती हसरं तोंड पाठवते. एकदा लिहिलं, सुट्टी मिळाली की बघू.

आमच्या त्या व्हिडिओखाली लोकांनी लिहिलं, सगळं नाटक आहे. वारेवाल्याने काहीच लिहिलं नाही, फक्त बदाम टाकला.

फोन आता मी त्याच व्हिडिओवर तपासते. परवा एका माणसाला त्याचा फोन चालू करून दाखवला. माझ्या डोळ्याला भिंग होतं, त्याने मला ओळखलं नाही. दोन वेळा मागे नेऊन त्याने पाहिलं.

"आवाज चित्राच्या पुढे पळतोय," तो म्हणाला. "दार उघडायच्या आधीच ही बाई दचकते."

"फोन ठीक आहे. त्यांनी आधी पाहिलाय."

"आणि ही शेजारची? ही तर बघतच नाहीये."

मी काच पुसून फोन त्याच्या हातात दिला.

"तिचा सिनेमा राहिलाय बघायचा," मी म्हटलं.