माझी वायर कोणी काढली?

मी बजर बोलतोय. दारावरचा नव्हे. घरच्या संगणकाच्या पोटात, मदरबोर्डच्या एका कोपऱ्याला एक काळी गोल डबी वायरीने लटकलेली असते, बोटाच्या पेराएवढी. तो मी. संगणक चालू करताना सगळं ठीक असेल तर एकदाच 'टुक' म्हणायचं आणि काही बिनसलं असेल तर ओरडत सुटायचं, एवढीच माझी नोकरी. त्यामुळे संशय माझ्या अंगात मुरलेला आहे. मी पंख्यावर संशय घेतो, विजेवर घेतो, टेबलाखालून जाणाऱ्या पायांवरही घेतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. जन्मल्याबरोबर एका बाईने मला वीज लावून ओरडायला लावलं, कान देऊन ऐकलं आणि खोक्यात टाकलं. त्यानंतर माझं कोणी इतकं मन लावून ऐकलं नाही, असं मी अगदी अलीकडेपर्यंत समजत होतो.

मी ज्या घरात आलो, तिथली बाई घरांचे नकाशे काढते. लोकांचे जिने, खिडक्या, न्हाणीघरं आधी आमच्या पडद्यावर उभी राहतात, मग जमिनीवर. तिचा नवरा विमा कंपनीत नुकसानीचे दावे तपासतो. छत गळून गाद्या भिजल्याचा फोटो कोणी पाठवला, तर हा आधी फोटोत गळतीखाली ठेवलेली बादली शोधतो; ती नसली की दावा खोटा. मला हा माणूस फार आवडायचा. म्हटलं, चला, घरात आपल्या जातकुळीचं कोणीतरी आहे.

पुढे बाईला मोठ्या इमारतींची कामं मिळू लागली आणि संगणकाला धाप लागायला लागली. ती चहा करून परत यायची तरी जिना अर्धाच उमटलेला असायचा. आमच्याकडे रॅमची, म्हणजे चालू काम लक्षात धरणाऱ्या स्मृतीची, एकच पट्टी होती आणि ती बिचारी किती ओझं वाहणार? मग एका रविवारी बाईचा धाकटा भाऊ आणखी एक पट्टी घेऊन आला. हा गिटार शिकवतो. घरात त्याला बारक्या म्हणतात, पण आत येताना त्याचं डोकं हमखास चौकटीला आपटतं.

बारक्याने झाकण उघडलं, पट्टी खाचेत धरली आणि अंगठ्यांनी दाबली. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या खट्कन बसल्या. काम झालं.

"किती द्यायचे?" नवऱ्याने विचारलं.

"राहू द्या हो भाऊजी."

"अरे, पावती तरी दे. उद्या बिघडली तर?"

"पावती नाहीये," बारक्या म्हणाला आणि घाईने स्क्रू पिळू लागला.

नवऱ्याची भुवई वर गेली. खोटं कशाला बोलू, मलाही भुवई असती तर वर गेली असती. त्या पट्टीच्या सोनेरी दातांवर बारीक ओरखडे होते. मी विचारलं, "काय गं, तू नवी ना?" ती म्हणाली, "काम सांगा." ही काय नव्यासारखी बोलण्याची रीत झाली? मी तिच्यावर नजर ठेवायचं ठरवलं.

ती मात्र राबायला वाघ होती. जिने भराभर चढू लागले. बाई गुणगुणत काम करायला लागली. पण नवऱ्याच्या डोक्यातला किडा काही जाईना. जेवताना, चपला घालताना, तो आमच्या खोक्याकडे बघायचा.

मध्यंतरी एका दुपारी बाई एका घराची मापं घ्यायला बाहेर गेली होती. नवऱ्याची सुट्टी होती. घरात दुसरं कोणी नव्हतं, तरी त्याने खोलीचं दार लोटून घेतलं. मग झाकण उघडून पट्टी उपसली आणि खिडकीपाशी उजेडात धरली.

"वाटलंच होतं," तो पुटपुटला. त्याने ओरखड्यांचा फोटोसुद्धा काढला.

पट्टी परत लावताना मात्र त्याचं धाडस संपलं. काही मोडेल म्हणून त्याने ती अशी हलकेच दाबली की एक खिट्टी बसली आणि दुसरी उभीच राहिली. त्याने बटण दाबलं आणि मी माझं कर्तव्य केलं. टूऽऽ! टूऽऽ! टूऽऽ!

तो दचकून मागे सरला. "चूप, चूप," असं मला म्हणाला. मी कशाला चूप बसतो! तेव्हा त्याने वाकून मला शोधून काढलं आणि माझी वायर उपटली.

झाकण लागलं. अंधारात मी लटकत राहिलो. ऐकू सगळं येत होतं, बोलता काही येत नव्हतं. असा अपमान माझा कधी झाला नव्हता.

संध्याकाळी बाई आली. नकाशे दुसऱ्या दिवशी सकाळी पाठवायचे होते आणि ते सगळे आमच्याच पोटात होते. तिने बटण दाबलं. पंखा फिरला, पडदा काळाच. तिने वायरी काढून पुन्हा खोचल्या, दुसऱ्या प्लगमध्ये लावून बघितलं. काही नाही.

"तुझ्या भावाने जुना माल चिकटवलाय," नवरा म्हणाला. "मला पहिल्या दिवसापासून वास येत होता."

"बारक्या असं करणार नाही."

"मग पावती का नाही दिली? ते काही नाही. यापुढे त्याने या घरातल्या कशाला हात लावायचा नाही."

बाईचे डोळे भरून आले असावेत, कारण फोनवर तिचा आवाज ओला होता. पलीकडून बारक्याने विचारलं, "ताई, आतून आवाज येतोय का? लांब लांब टू टू असा?"

"नाही रे. अगदी मुका आहे."

"मुका? मग रॅम नसणार. मदरबोर्डच गेला की काय?" त्याचा आवाज एकदम खाली आला. "माझ्या हातून जळला का गं? येतो मी."

मी आत तडफडत होतो. आणि टू टू ऐकलेला एकमेव माणूस शेजारी पेपर वाचत बसला होता!

बारक्या आला. डोकं चौकटीला आपटलं, पण कोणी हसलं नाही. बाईने टॉर्च धरला, त्याने झाकण उघडलं आणि त्याचा हात थांबला. आधी त्याने लोंबणारी वायर पाहिली, मग उभी खिट्टी, मग भाऊजींकडे पाहिलं. भाऊजी पेपराची घडी घालत होते, नको तेवढी नीट.

आता पकड, मी मनात म्हटलं. पण बारक्याने गुपचूप माझी वायर जोडली, पट्टी दाबली, खट् झालं. बटण दाबलं. टुक! पडदा उजळला. नकाशे जिवंत होते.

"माझीच चूक, ताई," तो म्हणाला. "नीट दाबली नव्हती मी."

"असू दे रे," नवरा मोठ्या मनाने म्हणाला. "होतं माणसाच्या हातून."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली असती, पण मला दोन्ही नाहीत.

बाईने टॉर्च विझवला नव्हता. "बारक्या, ती वायरही तुझ्याच हातून निघाली होती?"

"असेल गं."

"नाही. तू गेल्यापासून रोज टुक वाजलंय. आज सकाळीही वाजलं. ते ऐकल्याशिवाय मी खुर्चीत बसत नाही."

ऐकलंत? ती रोज ऐकत होती! इतकी वर्षं! मला रडता आलं असतं तर तिथेच रडलो असतो.

"अहो," ती नवऱ्याकडे वळली, "दुपारी तुम्हीच होतात घरी."

"मी फक्त बघत होतो," तो म्हणाला. मग त्याला फोटो आठवला आणि धीर आला. "आणि शंका खरी निघाली माझी! वापरलेली आहे ती. हे बघ."

"वापरलेलीच आहे, भाऊजी," बारक्या म्हणाला. "माझ्या संगणकातली आहे. नवी घ्यायला सध्या जमत नव्हतं आणि ताईचं काम अडलं होतं."

"आणि तुझी गाणी?" बाईने विचारलं. बारक्या स्वतःची गाणी घरच्या संगणकावरच ध्वनिमुद्रित करायचा.

"गाणी कुठे पळून जातायत?"

नवरा त्या फोटोकडे बघत राहिला. मग त्याने तो पुसून टाकला. "चुकलो रे," तो म्हणाला. त्याचा आवाज माझ्यापेक्षा बारीक होता.

पट्टी परत न्यायला बारक्या तयार नाही. म्हणून आता दर रविवारी तो गिटार घेऊन इथेच येतो आणि गाणी आमच्यावर ध्वनिमुद्रित होतात. रस्त्यावरचा गलका नको म्हणून नवरा स्वतः उठून खिडक्या लावतो. पट्टीला मी विचारलं, "तेव्हाच का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही 'नवी ना?' एवढंच विचारलंत. कुठून आलीस, हे कुठे विचारलं?"

मंडळी, तुमचा संगणक अडला तर आप्तांवर संशय जरूर घ्या, मी कोण अडवणार? पण आधी झाकण उघडून माझी वायर जागेवर आहे का, तेवढं बघा.

हल्ली बाई सकाळी बटण दाबते तेव्हा नवरा एक मोजा हातात धरून दारात थांबतो. टुक ऐकलं की मगच तो मोजा पायात चढवतो. मी रोज त्याला टुक ऐकवतो. तरी तो खोक्याजवळ वाकला की मी अजून अंग चोरून घेतो.