ओरिन स्टॅडलरचा कर वाचला

“जुन्या बंदुकीवर कसला आलाय कर?” ओरिन स्टॅडलरने काउंटरवर दोन्ही कोपरं टेकली. “कोरी होती तेव्हा बापाने भरला ना. साली छप्पन्न. याच काउंटरवर. तुझा जन्मसुद्धा नव्हता, व्हर्ना.”

“तेव्हा तुमच्या वडिलांनी भरला, मिस्टर स्टॅडलर. आता विकत तुम्ही घेताय.”

बॉइडच्या बंदुकांच्या दुकानात व्हर्ना केसिंजरला सव्वीस वर्षं झाली होती. संगणकावर घेतलेली बंदूक थेट घरी येत नाही. गावातल्या परवानाधारक दुकानात येते. तिथे फॉर्म भरायचा, सरकारी तपासणीचा फोनवर होकार आला की उचलायची. विकणारा परराज्यातला असेल आणि त्याने कर घेतला नसेल, तर तो व्हर्नाने घ्यायचा. गावातली माणसं फॉर्मवर वजन-उंची खरी लिहीत, जुनी अटकही लाजत लाजत कबूल करत. कर म्हटला की मात्र प्रत्येकाच्या अंगात वकील संचारायचा. चर्चच्या एका वडीलधाऱ्याने तर बायबलात जुन्या बंदुकीवरचा कर दाखव, असं आव्हान दिलं होतं. व्हर्नाने त्याच्याकडूनही तो घेतला होता, सुट्ट्या पैशांसह.

ओरिनचं वेगळं होतं. तो चाळीस वर्षं शाळेची बस चालवत होता. बर्फाच्या दिवसांत शाळकरी व्हर्नाला बूट सापडेपर्यंत तो फाटकाशी बस थांबवून ठेवायचा आणि उशिराचं खापर इंजिनावर फोडायचा.

काउंटरवर नेब्रास्काहून आलेलं लांब खोकं उघडं पडलं होतं. आत दुनळी होती. दस्त्याला तडा गेलेला आणि त्यावर तांब्याची तार घट्ट गुंडाळलेली. ती तार ओरिनच्या वडिलांनी गुंडाळली होती. आईच्या आजारपणात बंदूक विकली गेली आणि चाळीस वर्षं राज्याराज्यांतून फिरून लिलावाच्या पानावर उगवली. धाकटा भाऊ क्लीट अंथरुणाला खिळलेला, नाकात ऑक्सिजनची नळी. दिवसभर असली पानं चाळत असायचा. त्याने तारेवरून ती ओळखली.

“चारशे ऐंशीला मिळाली,” ओरिन म्हणाला. “क्लीट म्हणतो, एकदा उशाशी ठेवू दे, मग मरतो. डॉक्टरने आठवडा दिलाय, तो दहा दिवस ओढतोय. हट्टी आहे.”

“घरात हट्टी तो एकटाच का?”

“मी समजूतदार. म्हणून तर तुझ्याशी वाद घालतोय.”

व्हर्नाला हसू आलं. फॉर्म तपासून झाला होता. ‘बंदूक स्वतःसाठी घेत आहात का?’ यापुढे ओरिनने ठळक ‘होय’ लिहिलं होतं. आता फक्त फोन करायचा होता.

“छत्तीस डॉलर,” ती म्हणाली. “भरून टाका. मी फोन लावते.”

छत्तीस डॉलर ओरिनच्या खिशात होते. पण ते हरल्यासारखं झालं असतं. त्याने जरा विचार केला आणि हुकमाचं पान टाकावं तसं म्हणाला, “हे बघ, कर विकत घेणाऱ्याने द्यायचा ना? मग क्लीटकडून घे. पैसे त्याचे, बंदूक त्याची. मी नुसता हमाल.”

व्हर्नाचा हात फोनवर थांबला. मागे बॉइडने वर्तमानपत्र खाली घेतलं.

“मिस्टर स्टॅडलर, तुम्ही काय बोललात ते कळतंय का तुम्हाला?”

“खरं तेच बोललो.”

“म्हणूनच. स्वतःच्या पैशाने घेऊन भावाला भेट दिली असती तर चाललं असतं. त्याच्या पैशाने त्याच्यासाठी घेऊन वर ‘स्वतःसाठी’ लिहायचं, हा गुन्हा आहे. आता मला ती देता येणार नाही.”

“बरं, मग माझे पैसे. हे घे छत्तीस.”

“ऐकलं मी.”

“विसर ना, पोरी.”

व्हर्नाने बॉइडकडे पाहिलं. बॉइड छताकडे पाहत म्हणाला, “अशाच एका ओळीपायी पलीकडच्या गावातलं दुकान बंद झालं, ओरिन. क्लीटला इथे घेऊन ये. त्याच्या नावावर करू.”

“तो पलंगावरून मोरीपर्यंत येत नाही. इथे कसा आणू?”

व्हर्नाच्या मनात आलं, छत्तीस डॉलर आपल्याच पर्समधून टाकले असते तर? गेल्या आठवड्यात तिने तेवढ्याचे पडदे घेतले होते. पण सव्वीस वर्षांत कुणाचा कर तिने सोडला नव्हता, आणि त्याचा तिला अभिमानही होता.

ओरिनला कर भरावा लागला नाही. एक सेंटसुद्धा नाही. तो जिंकला होता.

व्हर्नाने परत पाठवायची चिठ्ठी लिहिली. ओरिनने विचारलं, “हात लावला तर चालेल?”

“लावा.”

त्याने तारेवरून अंगठा फिरवला, वेढे मोजल्यासारखा. मग त्यानेच दुनळी खोक्यात ठेवली, भोवतीचा कागद नीट दाबला. व्हर्नाने चिकटपट्टी ओढली तेव्हा झाकण एका बाजूने उचललं जात होतं. ओरिनने दोन्ही तळवे पसरून ते खाली धरलं.

“हं, लाव,” तो म्हणाला. “लांबचा प्रवास आहे. सुटायला नको.”