टर्बोचा आळ

आडगाव नाक्यावरच्या गॅरेजात मोहिनी शिरली तीच चपला आपटत. दसऱ्यापासून तिच्या ट्रकने भावडबारीच्या घाटात मान टाकायचा जणू नेम धरला होता. आजही सटाण्याचा कांदा भरलेला, मागे गाड्यांची रांग, आणि चढावर गाडीला दमच धरवेना.

"टर्बो खाल्ला ह्याने!" तिने ड्रायव्हर भिकाकडे बोट केलं. "गरम इंजिन खटकन बंद करतो आणि चहाला पळतो. भूषण, तूच म्हणालास ना, टर्बोची गाडी जरा चालू ठेवून निवू द्यावी लागते?"

मेकॅनिक बुद्धभूषण तसं म्हणाला होता खरा. पण मोहिनीताई त्या बोलण्याची काठी करून भिकाला हाणतील, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

भिका सायखेड्याचा, पन्नाशी गाठलेला. गाडी नवी आली तेव्हापासून त्याच्याच हातात. समोरच्या टपरीवरचे ड्रायव्हर ग्लास हातात धरून ऐकत होते.

"ताई, इंजिन निवल्याबिगर मी गाडी बंद करत नाय. कुणालाबी इचारा."

"कुणाला विचारू? तुझ्या चहावाल्याला?"

टपरीवर कोणीतरी फिसकन हसलं. भिकाने खिशातून चावी काढली आणि केबिनच्या पायरीवर ठेवली.

"मंग दुसरा ड्रायव्हर बघा. येक वेळ चोर म्हना, पन गाडी मारली असं नाय ऐकून घ्यायचो."

मोहिनीने चावीकडे पाहिलं. असा माणूस पुन्हा कुठे मिळायचा? पण जीभ एकदा सुटली की तिला लगाम घालणं मोहिनीला कधीच जमलं नव्हतं. "बघते की!" ती म्हणाली.

भूषणने स्कॅनर जोडला. पुन्हा तोच कोड: टर्बो इंजिनात जी हवा कोंबतो, तिचा दाब कमी. मागच्या खेपेला ह्याच कोडवर त्याने दाब मोजणारा सेन्सर बदलला होता.

"मी समजलो सेन्सर खोटं बोलतोय," तो करवादला. "नवा पण तेच बोलतोय. म्हणजे हवाच कमी पोचते. पाइप धड आहेत, फिल्टर धड आहे. ताई, मागे उभ्या राहा, कुठे फुसफुसतंय का ऐका. मी रेस करतो."

मोहिनी केबिनमागे हाताची घडी घालून उभी राहिली. इंजिन गरजलं. आणि तिच्या डोळ्यांसमोर, हवा आत जायच्या जाळीवर फडफडणारी लाल ओढणी सपकन चिकटून बसली. जाळीचं तोंड गच्च बंद.

ओढणी सप्तशृंगीच्या गडावरची. दसऱ्याला तिनेच बांधलेली. पुढे बांधली तर वाऱ्याने चिंध्या होतात, म्हणून मागे, आडोशाला, छान गाठ मारायला मिळते म्हणून त्या जाळीवर.

"भूषण! बंद कर!"

"एकदम कसं बंद करू, ताई? निवू द्या की जरा!"

इंजिन संथ झालं तशी ओढणी सुटली आणि काही घडलंच नाही अशी फडफडू लागली. भूषण उतरून मागे आला.

"तुला दिसली नाही का रे ही?"

"दिसली ना. मागे लिंबू-मिरची काढली, तर तुम्ही म्हणालात, देवाधर्माचं तुला काय कळतंय. तेव्हापासून तुमच्या देवाच्या वस्तूला मी बोट लावत नाही."

"आन म्या इचारलं व्हतं, सोडू का," भिका म्हणाला. "हात लावशील तर बघ, म्हनल्या."

मोहिनीने गाठ सोडायला घेतली. सुटेना. शेवटी दातांनी ओढली. मग पायरीवरची चावी उचलून भिकापुढे धरली. "घ्या, भिकाभाऊ."

भिकाचे हात खिशातच. "आळ टपरीपुढं घातला, ताई."

तिचे कान तापले. ती गर्रकन वळली आणि मघाच्याच आवाजात ओरडली, "ऐका रे सगळे! गाडी भिकाभाऊंनी नाही मारली, मी गुदमरवली! ह्या हातांनी! झालं? आता प्या तो चहा, गार झाला!"

या वेळी कोणी हसलं नाही. भिकाने चावी घेतली. ओढणीही घेतली, झटकली, घडी घातली. "हिला केबिनमदी बांधतो. देवीच्या फोटोपाशी."

"बांधा. आणि जेवलात का?" ती खेकसली. "भाकरी आहे माझ्या पिशवीत, आधी ती घ्या!"