हिरव्या पुडीमागचा दिवा

ह्वालिएन शहरातल्या आमच्या हॉस्पिटलात तळमजल्यावर तीन सर्व्हर आहेत. काम एकच, तिघांनी वाटून घेतलेलं. एक आडवा पडला तरी उरलेले दोघे त्याचा भार उचलतात, वर वॉर्डात कुणाला पत्ताही लागत नाही. तिघांवर नारळाच्या चवीच्या खाऊची एकेक हिरवी पुडी असते. हिरवीच हवी, तारीख उलटलेली नको, आणि कितीही भूक लागली तरी फोडायची नाही. मग यंत्र शहाण्यासारखं वागतं. हसायचं त्यांनी हसावं. पुड्या बदलायचं काम माझ्याकडे होतं आणि मी ते एकदाही चुकवलं नव्हतं.

त्या मंगळवारी सकाळी बाबा वर ऑपरेशन टेबलावर होते. त्यांचं रक्त फार चिकित्सक. त्यांच्याच गटाची प्रत्येक पिशवीसुद्धा चालत नाही, आणि चुकीची चढली तर माणूस जातो. कुठली चालते ती नोंद आमच्याच सर्व्हरांत. बाहेर आईशेजारी बसून नखं खाण्यापेक्षा मी कामावर आले होते.

दहा वाजून पाच मिनिटांनी दुसरा सर्व्हर जळका वास सोडून बंद पडला. मी घाबरले नाही, अजून दोन होते की. पण पडदा कोरा झाला. लगेच रक्तपेढीतून फोन आला: ऑपरेशनवाल्यांनी दोन पिशव्या मागितल्यात, नोंदी दिसत नाहीत, कुठल्या देऊ? त्या पिशव्या बाबांसाठीच होत्या.

माझे वरिष्ठ गोंगदादा पहिल्या सर्व्हरपाशी वाकून बसले होते.

"हा चालू आहे, पण एकटा पडलाय," ते म्हणाले. "सोबत आणखी एक असल्याशिवाय हा नोंदींना हात लावत नाही. तिकडे बाकीच्यांनी वेगळंच लिहून ठेवलं तर घोटाळा, म्हणून गप्प बसतो."

"आणि तिसरा?"

दादांनी तिसऱ्याच्या मागे तारांजवळ खोचलेली पुडी उपसली. तिच्याआड पिवळा दिवा लुकलुकत होता आणि नेटवर्कची तार अर्धी निसटलेली होती. तिसरा नऊ दिवस तुटलेला होता. बाकीचे दोघे त्याचंही काम इतक्या मुकाट्याने करत होते की कुणाला शंका आली नाही. इशाऱ्याचे मेल जात होते, पण ते गेल्या वर्षी निवृत्त झालेल्या माणसाच्या नावाने.

दादांनी तार दाबून बसवली. खटकन आवाज झाला. आता तिसरा नऊ दिवसांच्या राहिलेल्या नोंदी पहिल्याकडून उतरवून घेईपर्यंत थांबायचं. रक्तपेढीतून पुन्हा फोन आला. बाबांचा रक्तदाब उतरत होता. अकरा मिनिटं मी त्या पिवळ्या दिव्याकडे बघत उभी होते आणि एकाही देवाचं नाव आठवत नव्हतं.

दिवा हिरवा झाला. नोंद दिसली, पिशव्या वर गेल्या. बाराला आईचा फोन आला. बाबा वाचले होते.

मी जमिनीवरच बसले. दादांच्या हातात अजून ती पुडी होती. प्रत्येक पुडीवर आम्ही पेनाने सर्व्हरकडे मागणं लिहितो. हिच्यावरचं मागणं मोठ्या, ठसठशीत अक्षरात होतं. दादांनी ते हळू आवाजात वाचलं, "मंगळवारी माझ्या बाबांचं ऑपरेशन आहे. तेवढा दिवस सांभाळ."

नऊ दिवसांपूर्वी, पडू नये म्हणून मीच ती आत तारांजवळ घट्ट खोचली होती.